कलाविभाजक रोहित्र

कलाविभाजक रोहित्र हे निर्वात नलिकांच्या ध्वनिविवर्धकात वापरले जाणारे रोहित्र होय. एका विद्युत् संकेतापासून मोठेपणाने समान, पण परस्परविरुद्ध कलेचे दोन संकेत तयार करणे हे त्याचे काम असते. हे दोन संकेत पुश-पुल रचनेतील दोन शक्तिनलिकांच्या ग्रिडांना दिले जातात. हेच काम रोधक, धारित्र आणि आणखी एखादी नलिका यांच्या साहाय्यानेही करता येते, आणि १९४० च्या दशकानंतरच्या बहुतेक विवर्धकांत ते तसेच केलेले आढळते. तथापि शक्तिनलिकेच्या ग्रिडमधून प्रवाह वाहू द्यावयाचा असेल, तेथे रोहित्राची जागा केवळ रोधक-धारित्रांच्या जोडणीला घेता येत नाही. भारतातील रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर याच घटकाला 'ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर' किंवा नुसते 'ड्रायव्हर' म्हणतात.

दोन विरुद्ध संकेतांची गरज

पुश-पुल विवर्धकात दोन सारख्या शक्तिनलिका एका निर्गम रोहित्राच्या दोन टोकांना जोडलेल्या असतात. एका नलिकेतील प्रवाह वाढत असताना दुसरीतील कमी होतो. दोन माणसे करवतीची दोन टोके धरून लाकूड कापतात, त्यासारखेच हे काम आहे: दोघांनी एकाच वेळी ओढले तर करवत जागची हलणार नाही. म्हणून एका नलिकेच्या ग्रिडवर संकेताचा धन भाग असेल त्या क्षणी दुसरीच्या ग्रिडवर ऋण भाग असणे आवश्यक ठरते.

या रचनेचे दोन लाभ आहेत. दोन्ही नलिकांचा स्थिर प्रवाह निर्गम रोहित्राच्या गाभ्यात परस्परविरुद्ध दिशांनी चुंबकन करतो, त्यामुळे गाभा संपृक्त होत नाही आणि लहान गाभ्यावर काम भागते. दुसरे असे की, नलिकांच्या वक्र वैशिष्ट्यामुळे मूळ कंप्रतेच्या दुप्पट, चौपट अशा सम पटींच्या कंप्रता निर्माण होतात. त्या निर्गम रोहित्रात एकमेकींना छेदतात. दोन्ही गोष्टी अर्थातच दोन्ही बाजू समतोल असल्या तरच घडतात, म्हणून कलाविभाजकाचे पहिले मूल्यमापन समतोलावरून केले जाते.

रचना आणि कार्य

रोहित्राची प्राथमिक गुंडाळी चालक नलिकेच्या धनाग्राच्या म्हणजेच प्लेटच्या मंडलात जोडतात. दुय्यम गुंडाळीच्या बरोबर मध्यातून एक तार बाहेर काढलेली असते. तिला सेंटर टॅप म्हणतात. ही मधली तार भूमीला किंवा ऋण बायस दाबाला जोडली जाते आणि दुय्यमाची दोन टोके दोन ग्रिडांना जातात. मधल्या तारेच्या सापेक्ष एक टोक जितके धन, तितकेच दुसरे टोक त्या क्षणी ऋण असते. कलाविभाजन म्हणून जे काही घडते ते एवढेच. त्यासाठी वेगळी नलिका, वेगळा वीजपुरवठा किंवा जुळवून घेतलेले रोधक लागत नाहीत.

येथे समतोल वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. नलिका जुनी झाली, तिचे विवर्धन घटले, तरी दोन्ही अर्ध्या गुंडाळ्यांतील वेढे बदलत नाहीत. संकेत लहान होईल, पण दोन्ही बाजूंना सारखाच लहान होईल. नलिकांवर आधारलेल्या काही कलाविभाजकांत मात्र नलिका झिजली की समतोलही ढळतो.

वेढ्यांचे गुणोत्तर सांगताना पुष्कळदा घोटाळा होतो. १:३ असे लिहिलेले रोहित्र संपूर्ण दुय्यमाविषयी बोलत असेल, तर प्रत्येक ग्रिडला प्राथमिक दाबाच्या दीडपट दाब मिळतो, तिप्पट नव्हे. उदाहरणार्थ, बायस −२२.५ व्होल्ट असलेल्या दोन नलिकांना ग्रिड प्रवाह न होऊ देता पूर्ण चालवण्यासाठी प्रत्येक ग्रिडवर २२.५ व्होल्टचा शिखरदाब हवा, म्हणजे ग्रिड ते ग्रिड ४५ व्होल्ट. या रोहित्राच्या प्राथमिकावर त्यासाठी १५ व्होल्ट शिखरदाब पुरेल. असे गुणोत्तर १:१.५+१.५ असे लिहिणे अधिक निःसंदिग्ध होय.

ग्रिड प्रवाह आणि रोहित्राची अपरिहार्यता

कलाविभाजक रोहित्राचे खरे महत्त्व ६एल६ या प्रसिद्ध शक्तिनलिकेच्या माहितीपत्रकातील दोन ओळींत दिसून येते. दोन ६एल६ नलिका, धनाग्रदाब ३६० व्होल्ट, पडदा ग्रिडवर २७० व्होल्ट आणि बायस −२२.५ व्होल्ट अशी स्थिती घेतली, तर एबी-१ वर्गात, म्हणजे ग्रिड कधीही धन न होऊ देता, ग्रिड ते ग्रिड ४५ व्होल्ट शिखरदाबावर २६.५ वॉट शक्ती मिळते. त्याच नलिका, तेच दाब आणि तोच बायस ठेवून, निर्गम रोहित्राचा भार मात्र कमी घेऊन, ग्रिड ते ग्रिड ७२ व्होल्ट दिले, तर एबी-२ वर्गात ४७ वॉट मिळतात. शक्ती जवळजवळ पावणेदोन पट होते.

हा वाढावा फुकट मिळत नाही. ७२ व्होल्टपैकी निम्मे, म्हणजे ३६ व्होल्ट, एका ग्रिडच्या वाट्याला येतात, बायस २२.५ व्होल्टच असल्यामुळे शिखराच्या वेळी ग्रिड ऋणाग्राच्या सापेक्ष १३.५ व्होल्ट धन होते. धन ग्रिड इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि ग्रिडमधून प्रवाह वाहू लागतो. नेहमीच्या धारित्रजोडणीत हा प्रवाह जोडधारित्राला भारित करतो. शिखर ओसरल्यावर तो भार ग्रिडरोधकातून सावकाश निचरतो, आणि तोवर ग्रिड वाजवीपेक्षा अधिक ऋण राहते. परिणामी मोठ्या आवाजानंतर काही क्षण विवर्धक गुदमरल्यासारखा वाजतो. शिवाय चालक टप्प्याचा संरोध मोठा असेल, तर प्रवाह सुरू होताच संकेताचे शिखर चपटे होते.

रोहित्राच्या दुय्यम गुंडाळीत मात्र ग्रिड प्रवाहाला बायस पुरवठ्याकडे परतण्यासाठी अल्प रोधाचा सरळ मार्ग असतो. धारित्रच नसल्यामुळे भार साठण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ग्रिड प्रवाहाच्या योजनेत रोहित्र बहुधा दाब उतरवणारे घेतात, कारण प्राथमिकाकडील संरोध दुय्यमाकडे वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने कमी होऊन दिसतो आणि चालक नलिका ग्रिडला खरोखर शक्ती पुरवू शकते. ग्रिड प्रवाह नसतानाही या अल्प रोधाचा उपयोग होतो. स्थिर बायस असेल तर ६एल६ च्या ग्रिडमंडलातील रोध ०.१ मेगओहमपेक्षा अधिक नसावा, अशी उत्पादकाची मर्यादा आहे. रोधकजोडणीत ती पाळणे चालक टप्प्याला जड जाते, तर रोहित्रात तो रोध आपोआप त्याहून कितीतरी कमी असतो.

धारित्रजोडणी टाळून ग्रिडला प्रवाह पुरवण्याचा दुसरा मार्गही आहे: चालक नलिकेचे ऋणाग्र थेट शक्तिनलिकेच्या ग्रिडला जोडणे. त्याला ऋण आणि धन असे दोन वेगळे पुरवठे लागतात व जुळणीही नाजूक असते. एका रोहित्रात जे साधते त्यासाठी एवढा खटाटोप १९३० च्या दशकातील अभियंत्यांना परवडणारा नव्हता.

मर्यादा

खर्जाच्या बाजूने मर्यादा प्राथमिकाच्या प्रवर्तकत्वाची आहे. कंप्रता जसजशी कमी होते तसतसा गुंडाळीचा प्रतिरोध घटतो आणि संकेताचा मोठा भाग चालक नलिकेच्या अंतर्गत रोधातच खर्ची पडतो. दोन्ही समान होतात त्या कंप्रतेला संकेत ३ डेसिबलने खाली येतो. ६एसएन७ च्या एका अर्ध्या भागाचा अंतर्गत रोध सुमारे ७,७०० ओहम असतो. त्यावर ४० हर्ट्झपर्यंतचा खर्ज मिळवण्यास सुमारे ३१ हेन्री, तर २० हर्ट्झसाठी ६१ हेन्री प्रवर्तकत्व लागते. एवढ्या प्रवर्तकत्वासाठी बारीक तारेचे हजारो वेढे आणि चांगल्या लोखंडाचा गाभा हवा. त्यातच नलिकेचा ९-१० मिलिअँपिअर स्थिर प्रवाह प्राथमिकातून गेला, तर गाभा एका बाजूला चुंबकित होतो. तो संपृक्त होऊ नये म्हणून गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते आणि फट ठेवली की प्रवर्तकत्व पुन्हा घसरते.

यावर उपाय म्हणून समांतर पुरवठ्याची पद्धत रूढ झाली. नलिकेला स्थिर प्रवाह वेगळ्या रोधकातून किंवा चोकमधून देतात आणि संकेत तेवढा धारित्रामार्फत प्राथमिकात सोडतात. त्यामुळे फट लागत नाही आणि निकेलयुक्त मिश्रधातूचा लहान गाभाही वापरता येतो. हे धारित्र आणि प्राथमिक गुंडाळी मिळून अनुस्पंदी मंडल तयार होते: ३० हेन्री आणि ०.५ मायक्रोफॅरड यांचे अनुस्पंदन सुमारे ४१ हर्ट्झला येते. हिशेब नीट केला तर या उंचवट्याने खर्जाची घसरण थोडी पुढे ढकलता येते. त्याखाली मात्र प्रतिसाद दुप्पट वेगाने कोसळतो.

वरच्या कंप्रतांना अडचण होते ती गळती प्रवर्तकत्व आणि गुंडाळ्यांच्या धारितेची. प्राथमिकाचा सगळा चुंबकीय स्रोत दुय्यमाला गुंफत नाही; जो निसटतो त्याचे प्रवर्तकत्व गुंडाळीच्या धारितेशी अनुस्पंदन पावते आणि प्रतिसादात शिखर उमटते. दुय्यमावर रोधक टाकून ते दाबता येते. वेढ्यांचे गुणोत्तर जितके मोठे, तितका हा त्रास अधिक, कारण दुय्यमावरील धारिता प्राथमिकाकडे गुणोत्तराच्या वर्गाने वाढून दिसते. १:३ गुणोत्तरात दुय्यमावरील १०० पिकोफॅरड प्राथमिकाला ९०० पिकोफॅरडसारखे भासतात.

समतोलाचा दावाही याच ठिकाणी सैल पडतो. साध्या गुंडाळणीत दुय्यमाचा एक अर्धा भाग प्राथमिकाला लागून आणि दुसरा त्याच्या बाहेर येतो. वेढे समान असले तरी दोघांची धारिता आणि गळती समान राहत नाही, त्यामुळे काही हजार हर्ट्झच्या वर दोन्ही संकेतांचा मोठेपणा व कला ढळू लागते. दोन्ही अर्धे एकाच फिरकीच्या शेजारशेजारच्या दोन कप्प्यांत गुंडाळणे, प्राथमिक व दुय्यमाचे थर आलटून पालटून घालणे किंवा दोन्ही अर्ध्यांच्या तारा जोडीने एकत्र गुंडाळणे, हे त्यावरचे उपाय आहेत. त्यामुळेच या घटकाची गुणवत्ता आराखड्यापेक्षा गुंडाळणाऱ्या हातावर अधिक ठरते.

ऋण प्रतिसंभरणाशी मात्र या रोहित्राचे फारसे जमत नाही. निर्गमातील थोडा संकेत उलट कलेने प्रवेशाकडे परत नेला की विकृती घटते. परंतु त्या फेऱ्यात दोन रोहित्रे आली, तर दोन्हींची कलाच्युती एकत्र होते आणि एखाद्या कंप्रतेला ऋण प्रतिसंभरणाचे धन प्रतिसंभरण होऊन विवर्धक स्वतःच दोलन करू लागतो. थोडे प्रतिसंभरण चालते. २० डेसिबल चालवणे फार कठीण. डी. टी. एन. विल्यम्सन यांनी १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात प्रसिद्ध केलेल्या विवर्धकात तेवढे प्रतिसंभरण होते, आणि त्यात कलाविभाजन रोधकांनी केलेले होते. उच्च प्रतीच्या घरगुती विवर्धकांतून कलाविभाजक रोहित्र मागे पडण्यास पैशाइतकेच हेही कारण झाले.

इतर पद्धतींशी तुलना

विल्यम्सन यांनी वापरलेल्या पद्धतीत एकाच नलिकेच्या धनाग्रात आणि ऋणाग्रात सारखे रोधक घालून दोन्हीकडून संकेत घेतात. ती स्वस्त आणि अतिशय समतोल आहे, पण तिचे विवर्धन एकाहूनही कमी असते. सामाईक ऋणाग्ररोधकाची जोडी विवर्धन देते, मात्र तिचा समतोल त्या रोधकाच्या मोठेपणावर अवलंबून राहतो. दोन्ही पद्धती ग्रिड प्रवाह पुरवू शकत नाहीत. यांखेरीज मध्यातून तार काढलेला एकच चोक घेऊन, त्याच्या एका टोकाला संकेत देऊन दुसऱ्या टोकाला उलट संकेत मिळवण्याची काटकसरीची युक्तीही जुन्या विवर्धकांत दिसते. एबी-१ वर्गाच्या १०-१५ वॉटच्या घरगुती विवर्धकासाठी रोहित्राचा आग्रह धरण्यास तांत्रिक आधार थोडाच आहे. एबी-२ किंवा बी वर्गाची गोष्ट वेगळी.

इतिहास

पुश-पुल विवर्धकाचे अमेरिकी एकस्व एडविन कोल्पिट्स यांना १९१५ मध्ये मिळाले. १९२० च्या दशकात नलिका महाग होत्या आणि त्यांचे विवर्धन तुटपुंजे होते; दाब चढवणारे रोहित्र दोन टप्प्यांमध्ये घातले की नलिका न वाढवता दोन-तीन पट विवर्धन मिळत असे. त्याच रोहित्राच्या दुय्यमाला मध्यातून तार काढली की कलाविभाजनही होई. चित्रपटगृहांतील ध्वनियंत्रणाही याच घडणीची होती. 'आलम आरा' हा बोलपट मार्च १९३१ मध्ये आणि प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट १९३२ मध्ये पडद्यावर आला, त्या सुमारास अशा विवर्धकांत रोहित्रजोडणी सर्रास असे.

१९३१ मध्ये लॉय बार्टन यांनी लहान नलिकांतून मोठी ध्वनिशक्ती मिळवण्याची बी वर्गाची पद्धत मांडली. तीत शांततेच्या वेळी नलिकांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. ग्रिड प्रवाह तर या पद्धतीचा अविभाज्य भाग होता, म्हणून चालक रोहित्रही अटळ ठरले. वीज नसलेल्या गावांतील बॅटरीवरच्या रेडिओला तिचा विशेष लाभ झाला. उच्चदाबाची कोरडी बॅटरी ही अशा संचाच्या मालकाला वारंवार सोसावी लागणारी मोठी किंमत असे, आणि बी वर्गात ती आवाजाच्या प्रमाणातच खर्च होई.

महाराष्ट्रातील आढळ

नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. विदर्भात त्यानंतर घरोघरी आलेल्या नलिकांच्या रेडिओ संचांत बहुधा एकच शक्तिनलिका असे. ठाण्याच्या मर्फीसारख्या कारखान्यांतील सर्वसाधारण संचही याच प्रकारचे. अशा संचात कलाविभाजकाला स्थान नसते. त्यात ध्वनिक्षेपकाजवळ दिसणारे लहान रोहित्र हे निर्गम रोहित्र होय. अभ्यासक विद्यार्थी त्यालाच पुष्कळदा 'ड्रायव्हर' समजतात.

दोन शक्तिनलिका आढळत त्या मोठ्या रेडिओग्रॅममध्ये आणि सभा, उत्सव, लग्नसमारंभ यांसाठी भाड्याने मिळणाऱ्या लाउडस्पीकरच्या विवर्धकांत. हौशी रेडिओ प्रेषकांनी युद्धानंतर शिल्लक साठ्यातून मिळणाऱ्या ८०७ नलिकांची जोडी मॉड्युलेटर म्हणून वापरली. प्रेषकाच्या अंतिम टप्प्याला १०० वॉट दिले जात असतील, तर पूर्ण मॉड्युलेशनसाठी ५० वॉट ध्वनिशक्ती लागते. ८०७ ची जोडी एबी-२ वर्गात ६०० व्होल्टवर सुमारे ८० वॉट देते, आणि त्यासाठी चालक रोहित्र लागतेच.

या रोहित्राचा सर्वाधिक प्रसार मात्र नलिका गेल्यानंतर झाला. १९६० आणि १९७० च्या दशकांतील ट्रान्झिस्टर रेडिओच्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढी दोन रोहित्रे शेजारी शेजारी बसवलेली असत: एक 'ड्रायव्हर', दुसरे 'आउटपुट'. ट्रान्झिस्टरच्या बेसला प्रवाह लागतोच, त्यामुळे बी वर्गातील नलिकांचे गणित येथे जसेच्या तसे लागू पडले, आणि आवाज कमी ठेवला की सेल अधिक दिवस पुरत. परस्परपूरक ट्रान्झिस्टरांच्या जोड्या स्वस्त झाल्यावर ही दोन्ही रोहित्रे गेली.

दोष आणि चाचणी

कलाविभाजक रोहित्राचा नेहमीचा दोष म्हणजे प्राथमिकाची तार तुटणे. ही तार केसासारखी बारीक असते आणि भूमीच्या सापेक्ष दोन-तीनशे व्होल्ट धन दाबावर असते. हवेतील ओल आत शिरली की धन बाजूचे तांबे विद्युत् विच्छेदनाने झिजते आणि तारेवर हिरवा ठिपका दिसतो. कोकणच्या दमट हवेत याचा धोका अधिक. नागपूरच्या कोरड्या हवेत तो कमी असला, तरी उन्हाळ्यात बाहेरचेच तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. बंद पेटीत नलिकांच्या उष्णतेची भर पडून जुन्या रोहित्रांतील मेण किंवा डांबर मऊ होऊन पाझरू शकते. समांतर पुरवठ्यात प्राथमिकाचे दुसरे टोक भूमीला जोडता येत असल्याने झिजेचा प्रश्न बराचसा सुटतो.

दुय्यमाचे दोन्ही अर्धे मल्टिमीटरने मोजल्यास त्यांचा रोध अनेकदा असमान भरतो. एकीकडे ३५० तर दुसरीकडे ४२० ओहम असे आकडे दिसू शकतात. हा दोष नव्हे. बाहेरच्या थरातील प्रत्येक वेढा आतल्यापेक्षा लांब असतो, म्हणून वेढे समान असूनही तार अधिक लागते. या फरकावरून रोहित्र निकामी ठरवून फेकून देण्याचे प्रकार घडतात, आणि तसेच रोहित्र पुन्हा मिळणे आज सोपे नाही. योग्य चाचणी प्रत्यावर्ती दाबाची आहे: रोहित्र मंडलातून सोडवून प्राथमिकाला १,००० हर्ट्झचा एखादा व्होल्ट द्यावा आणि मधल्या तारेपासून दोन्ही टोकांचा दाब मोजावा. ते दोन आकडे समान असले की वेढे समान आहेत. मग हीच मोजणी १०,००० हर्ट्झला करून पाहिली, तर गुंडाळणीचा दर्जाही कळतो.

विवर्धकात प्रत्यक्ष हात घालण्यापूर्वी वीज बंद करूनही गाळण धारित्रांतील भार रोधकामार्फत उतरवणे अत्यावश्यक आहे. ३०० ते ४०० व्होल्टचा हा साठा प्राणघातक ठरू शकतो.

प्रतिसंभरण असलेल्या विवर्धकात रोहित्र नवे बसवल्यावर कर्कश शीळ ऐकू आली, तर बहुधा दुय्यमाची दोन टोके उलट जोडली गेलेली असतात. ग्रिडांकडील दोन तारांची अदलाबदल केली की ती थांबते.

सद्यःस्थिती

कॅनडातील हॅमंड आणि स्वीडनमधील लुंडाल या कंपन्या आजही टप्प्यांमधील रोहित्रे तयार करतात. नव्या रचनांमध्ये कलाविभाजन पुष्कळदा अगदी प्रवेशापाशीच, १:१+१ गुणोत्तराच्या लहान रोहित्राने केले जाते आणि तेथून पुढचे सर्व टप्पे पुश-पुल ठेवले जातात. प्रवेशापाशी संकेत लहान असल्यामुळे गाभा संपृक्त होत नाही आणि रोहित्र प्रतिसंभरणाच्या फेऱ्याबाहेर राहते. मात्र तेथे ५० हर्ट्झच्या गुणगुणीपासून ते जपावे लागते. त्यासाठी त्याला उच्च चुंबकपार्यतेच्या धातूचे कवच घालतात आणि शक्तिरोहित्रापासून शक्य तितके दूर, काटकोनात बसवतात.